टॉलिव्हर सरांचं न छापलेलं पुस्तक

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळचं ऊन अंगणात उतरलं होतं आणि मी सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. बाजूला ठेवलेला फोन वाजला. ई-मेल होता, अमेरिकेतून, रूथ नावाच्या कुणा बाईंचा. मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी लिहिलं होतं, की प्राध्यापक एल्मर टॉलिव्हर मंगळवारी दुपारी झोपेतच गेले. त्या त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता त्यांचे कागद आवरत होत्या आणि पत्त्यांच्या वहीत त्यांना माझं नाव सापडलं होतं. मी ते दोनदा वाचलं, फोन पालथा ठेवला आणि पुन्हा शेंगा सोलू लागले. आमच्या गल्लीत कुणाला सांगावं? हे नाव वाशिममध्ये ओळखणारी आता मी एकटीच उरले आहे. सोललेले दाणे सुपात पडत राहिले आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र आमचा मळा आला, पहाटेच्या धुक्यात बुडालेले मेथीचे वाफे आणि त्यांच्या कडेनं, अंगावर माझ्या बाबांची घोंगडी घेऊन, सावकाश चालणारा एक उंच, पिवळा पडलेला माणूस...

टॉलिव्हर सर इंग्रजी कवितेचे समीक्षक. ज्या विचाराला मराठीत विरचना म्हणतात, त्या विचाराच्या तिकडच्या पहिल्या चारदोन माणसांत त्यांचं नाव घेतलं जातं. शब्द जड आहे, पण गोष्ट तेवढी अवघड नाही. लिहिणारा एक सांगायला जातो आणि त्याची भाषा त्याच्या नकळत दुसरंच काही सांगून बसते. या दोहोंमध्ये जी फट पडते, ती बुजवायची नाही, तिथं बोट ठेवून वाचायचं. एवढ्यासाठी सरांना आयुष्यभर कुणी डोक्यावर घेतलं, कुणी साहित्याचा वैरी म्हटलं. त्यांच्यावर लिहिणारे सांगतात, की ही दृष्टी त्यांना फ्रान्सकडून मिळाली. फ्रेंच पुस्तकं त्यांनी वाचली, हे खरंच आहे. पण ती नंतर. त्याआधी ते सहा आठवडे वाशिमला आमच्या मळ्यात कावीळ होऊन पडले होते. आज हे सांगायचं आहे.

सत्तरच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. मी नुकतीच एम.ए. होऊन इथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले होते. आम्ही जातीनं माळी. शहराबाहेर विहिरीवरचा मळा, मेथी, कोथिंबीर, वांगी, मुळे. बाबा भल्या पहाटे भाजीच्या जुड्या बांधून बाजारात न्यायचे. घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. त्या हिवाळ्यात आमच्या प्राचार्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी तीन दिवसांचं शिबिर भरवलं आणि वर्षभरासाठी भारतात शिकवायला आलेल्या एका अमेरिकन प्राध्यापकांना बोलावलं. अकोल्याहून छोट्या रेल्वेनं ते आले. हातात एक सुटकेस आणि एक पत्र्याची पेटी. पहिल्या दिवशी ते कवितेवर बोलले. चांगली कविता पिकलेल्या फळासारखी असते, म्हणाले. तिच्यात सुरी कुठूनही घाला, आत एकच गोडी. आम्ही सगळे भारावून गेलो. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. डोळे हळदीसारखे झाले होते.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, प्रवास अजिबात नको, सहा आठवडे पडून राहा आणि खाणं सांभाळा. विश्रामगृहात त्यांच्यासाठी ताक-कण्या करणार कोण? प्राचार्य अडचणीत पडले. मी घरी येऊन सहज सांगितलं, तर बाबा म्हणाले, "विहिरीजवळची खोली रिकामीच हाय. आन त्याले इकडं. परमुलखातला मानूस, आजारी पडला तं कुठं जाईन?" दुसऱ्या दिवशी बैलगाडीत पेंढा टाकून, त्यावर गादी घालून बाबांनी त्यांना स्वतः आणलं. किन्हीराजा गावचा एक म्हातारा काविळीवर पाला द्यायचा, तो आणवला. मुळ्याचा रस, उसाचा रस, लोणी काढलेलं ताक, हे माझी माय करून द्यायची. सर सगळं मुकाट्यानं घेत. पहिले दहा-बारा दिवस ते नुसते झोपले. मध्येच जागे होत, दारातून दिसणाऱ्या हिरव्या वाफ्यांकडे बघत आणि पुन्हा झोपत. एकदा त्यांनी मला विचारलं, "मिस कुसुम, इथं दिवसभर पाण्याचा आवाज येतो की मला तापात भास होतो?" मी म्हटलं, पाटाचं पाणी आहे, सर. बाबा वाफ्यांना पाणी देताहेत. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मग ठीक आहे."

त्या दिवसांची आठवण मला आजही सलग येत नाही, झोपेत पाहिल्यासारखी तुकड्या-तुकड्यांनी येते. दुपारचं कोवळं ऊन, इंजिनाची लांबून येणारी धडधड, ओल्या मातीचा आणि मेथीचा वास. बाजेवर उशीला टेकलेले सर आणि समोर स्टुलावर मी. डोळ्यांना ताण सोसवत नाही म्हणून त्यांनी मला वाचून दाखवायला सांगितलं होतं. पत्र्याच्या पेटीत त्यांचं पुस्तक होतं, टाइप केलेली चारशे पानं. दहा वर्षं ते त्यावर काम करत होते. एका जुन्या इंग्रज कवीच्या एकाच दीर्घ कवितेवर सगळं पुस्तक. एक म्हातारा किती तरी वर्षांनी आपल्या गावी परततो, तिथं काहीच पूर्वीसारखं नसतं, पण शेवटी तो नदीकाठी येतो आणि नदी भेटते. ती कविता म्हणजे तुटलेलं सगळं कसं सांधलं जातं याचा दाखला, असं सरांचं म्हणणं. ज्या गुरूंच्या हाताखाली ते शिकले, त्यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहायचं कबूल केलं होतं. परत गेल्यावर ते छापायचं आणि त्यावर विद्यापीठातली नोकरी कायम व्हायची, असं सगळं ठरलेलं.

कॉलेज सुटलं की मी मळ्यात येई आणि दोन-दोन तास वाचत बसे. माझे उच्चार कच्चे होते. मी अडखळले की सर न हसता तो शब्द नीट म्हणून दाखवत. चौथ्या आठवड्यात आम्ही शेवटच्या प्रकरणाशी आलो. म्हातारा नदीकाठी उभा राहतो आणि म्हणतो, की नदी 'स्टिल' आहे. सरांनी खाली आठ पानं लिहिली होती, की पाहा, सगळं गेलं तरी नदी अजून आहे! मी ते वाचताना थांबले. शाळेत मास्तरांनी 'स्टिल' चा अर्थ घोकून घेतला होता, निश्चल, न हलणारा. 'अजून' हा अर्थ मला कॉलेजात कळला. माझ्या डोक्यात आधी तो शाळेतलाच अर्थ आला.

"सर, इथं नदी थांबली आहे का?" मी विचारलं.

"नाही, नाही. नदी अजून आहे, असं तो म्हणतोय."

"पण थांबली आहे, असाही अर्थ होतो ना?"

"होतो. पण इथं 'अजून' हाच अर्थ आहे."

"कशावरून, सर?"

त्यांनी माझ्या हातातलं पान घेऊन डोळ्यांजवळ धरलं. बाबा दारासमोरच्या पाटाचं पाणी फावड्यानं दुसऱ्या वाफ्याकडे वळवत होते. आमचं वाचन असं अचानक थांबलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "काय झालं वं? कुठं अडलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की बाबा, कवितेत एक नदी आहे. ती अजून आहे की थांबली आहे, तेच कळत नाही.

"थांबली असन तं नदी कायची?" बाबा म्हणाले. "डबकं म्हना त्याले." आणि पुढच्या वाफ्याकडे गेले.

सरांनी विचारलं, ते काय म्हणाले? मी इंग्रजीत सांगितलं. सर मोठ्यानं हसले. मग हळूहळू त्यांचं हसू ओसरलं. नंतर म्हणाले, "मिस कुसुम, ती कविता पहिल्यापासून वाचा. मधलं माझं काही वाचू नका. फक्त कविता. आणि नदी थांबली आहे, असं धरून वाचा."

मी वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. जिथं जिथं सरांनी काहीतरी सांधलं गेल्याचं दाखवलं होतं, तिथं तिथं आता म्हाताऱ्याला कुणी उत्तरच देत नव्हतं. त्याची हाक, घराचं दार, बालमित्र आणि शेवटी नदीसुद्धा, सगळं गप्प. आणि तरी दुसरा अर्थही पुसला जात नव्हता. नदी होतीही आणि थांबलेलीही होती. एकच शब्द दोन्हीकडे ओढत होता आणि कवीनं, जाणूनबुजून की नकळत, तो तसाच सोडून दिला होता. सरांचं जेवण तुटलं. दिवसच्या दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. मला रडू येई. इतक्या मोठ्या माणसाची दहा वर्षांची मेहनत, आणि मी शाळेतला एक अर्थ सांगून तिच्यावर पाणी ओतलं... एका दुपारी मी न राहवून म्हणाले, "सर, माझं चुकलं. मी विचारायला नको होतं."

ते कुशीवर वळले. "ते पुस्तक तिथून आधीच उसवलेलं होतं," ते म्हणाले. "मी दहा वर्षं त्या जागेवर बसून होतो, कुणाला दिसू नये म्हणून. मलाही दिसू नये म्हणून."

सहा आठवड्यांनी त्यांची गाडी निघाली तेव्हा पेटी त्यांच्याजवळच होती. पण तिच्यातलं पुस्तक कधी छापलं गेलं नाही.

पुढची हकिगत मला त्यांच्या पत्रांतून कळली. निळ्या हवाई पत्रांवर बारीक अक्षरात ते लिहीत. परत गेल्यावर त्यांनी गुरूंना सांगितलं, की पुस्तक मागे घेतो. चारशे पानांच्या जागी त्यांनी पंधरा पानांचा एक निबंध लिहिला, त्या एका शब्दावर. गुरूंनी तो वाचून परत पाठवला आणि बोलणं सोडलं. विद्यापीठानं नोकरी कायम केली नाही. सर उत्तरेकडच्या, वर्षातले पाच महिने बर्फात असणाऱ्या एका लहान गावातल्या कॉलेजात गेले. निबंध एका मासिकात आला आणि दीड वर्षानं त्याची प्रत समुद्रमार्गे माझ्या हातात पडली. त्याच पाकिटात त्यांच्या कॉलेजचा प्रवेशाचा अर्ज होता. शिष्यवृत्तीची व्यवस्था करतो, तुम्ही या, असं लिहिलं होतं. मी आधी निबंध उघडला. फार सुंदर लिहिला होता. आणि दुसऱ्या पानावर तळटीप होती, की हा अर्थ मला मध्य भारतातल्या एका माळ्यानं सुचवला. बस्, एवढंच. मी त्यात कुठंच नव्हते.

बाबांना सांगितलं. ते जुड्या बांधत होते. "मी कवा सुचवला?" ते म्हणाले. "मले तं तूच सांगतलं. लिही त्याले, नाव चुकलं म्हना."

"मी नाही लिहिणार."

"कायले?"

"त्यांना कळायला पाहिजे होतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "कळलं नसन तं सांगा लागते, पोरी. मुकाट बसून कोनाले कळते?" पण मी ऐकलं नाही. अर्ज पेटीत कपड्यांखाली ठेवला आणि त्याची मुदत जाऊ दिली. रागामुळे गेले नाही, असं मी स्वतःला किती तरी वर्षं सांगत आले. आता खरं सांगते, भीतीही होती. रागाच्या आड ती बरी लपली. सरांची पत्रं येत राहिली. काय झालं, आजारी आहात का, बाबा कसे आहेत... मी एकालाही उत्तर दिलं नाही. अशी दोन वर्षं गेली.

मग एक दिवस वर्गात एक गोष्ट घडली. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून येणारी वंदना नावाची मुलगी माझ्या वर्गात होती, कधी न बोलणारी. तिनं एका धड्यातली माझी चूक भीतभीत दाखवली. चूक खरीच होती. दुसऱ्या तुकडीला तोच धडा शिकवताना मी मोठ्या मनानं सांगितलं, की काल एका विद्यार्थ्यानं मला छान गोष्ट दाखवली. तोंडातून गेलेलं वाक्य माझं मलाच ऐकू आलं. एका विद्यार्थ्यानं! नाव नाही, आणि मुलीचा मुलगा केलेला. का? वाक्य सोपं झालं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मी तिथंच थांबून वंदनाचं नाव सांगितलं, तिच्या वर्गात जाऊन पुन्हा सांगितलं. ती लाजून बाकाखाली जायचीच बाकी होती. संध्याकाळी घरी येऊन मी सरांना पत्र लिहिलं. सहा ओळींचं. तुमच्या तळटीपेतल्या माळ्याला मुलगी आहे, आणि प्रश्न तिनं विचारला होता.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. सरांनी सबबी सांगितल्या नव्हत्या. लिहिलं होतं, "तुमचं नाव मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. मग 'एक तरुण अध्यापिका' असं केलं. मग माळी आला. पाटाच्या कडेला उभा असलेला माळी त्या वाक्यात फार सुंदर दिसत होता. मी पुन्हा एकदा सुंदर गोष्टीला भुललो आणि तिच्याखाली काय दडपलं, ते बघितलं नाही. इतरांच्या लिहिण्यातलं नेमकं हेच शोधायला मी मुलांना शिकवतो."

तोवर दिवस पालटले होते. फ्रान्सकडचे विचार अमेरिकेत पोचले होते आणि ज्या निबंधासाठी सरांना बर्फात जावं लागलं, तोच आता सगळीकडे अभ्यासाला नेमला जात होता. मोठ्या विद्यापीठांची बोलावणी येत होती. दशक संपता संपता एका भल्या मोठ्या सभागृहात त्यांचं व्याख्यान झालं. समोर त्यांचे जुने गुरूही बसले होते. सरांनी भाषणाच्या सुरुवातीलाच सांगितलं, की ज्या वाचनासाठी तुम्ही मला बोलावलंत, ते माझं नाही. ते वाशिम नावाच्या गावातल्या कुसुम नावाच्या बाईंचं आहे, आणि मी ते खोटं लिहिलं होतं. याचा व्हायचा तो परिणाम झाला. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, की या थोर विध्वंसकाची एकुलती एक कल्पनाही उसनीच निघाली. एका मोठ्या विद्यापीठानं ठरवलेली नेमणूक पुढे ढकलली आणि मग विसरून गेली. सर त्या लहान गावातच राहिले, निवृत्त होईपर्यंत. मला मात्र त्यांनी यातलं काही लिहिलं नाही. वर्तमानपत्राचं कात्रण कुणीतरी प्राचार्यांना पाठवलं, म्हणून कळलं. मी हळहळून लिहिलं, तेव्हा त्यांचं उत्तर आलं, "इथं बर्फ वितळायला लागलं आहे. खिडकीखालून पाणी वाहतं. झोप चांगली लागते." पुन्हा तुम्ही या, असं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. गेले असते तर... असो. मी वाशिममध्ये तीस वर्षं शिकवलं, आणि मन लावून शिकवलं.

रूथला मी ई-मेलचं उत्तर लिहिलं, त्यात यातलं थोडंसं सांगितलं. गेल्या आठवड्यात तिचं दुसरं पत्र आलं. तुम्ही खरोखर आहात हे वाचून आम्ही सगळे थक्क झालो, असं तिनं लिहिलं आहे. दर वर्षी पहिल्या तासाला सर तुमची गोष्ट सांगायचे आणि आम्हाला वाटायचं, की शिकवण्यासाठी रचलेलं हे पात्र आहे. मग तिनं एक शंका विचारली. सरांची एक संज्ञा होती. कुणी कवितेचा अर्थ घाईनं सांगून मोकळा झाला, की ते त्याच्याकडे पाहत आणि तेवढाच एक शब्द उच्चारत. निबंध तपासताना समासातही तोच लिहीत. विद्यार्थ्यांनी तो उचलला आणि आता आपापल्या वर्गात तेही तो वापरतात. कुणाला तो ग्रीक वाटतो, कुणाला हिब्रू. कोणत्याच कोशात सापडत नाही. तुम्हाला काही ठाऊक आहे का? पुढे तिनं इंग्रजी अक्षरांत तो शब्द लिहिला होता. मी तो मोठ्यानं वाचला आणि माझ्या तोंडून निघाला तो मायचा आवाज...

"काहून?"

त्या पुस्तक मोडण्याच्या दिवसांत सर जेवत नव्हते. माय ताट ठेवून जायची, परत यायची आणि ताट तसंच. तिला ना इंग्रजी येत होतं, ना सरांना मराठी. ती चौकटीला हात लावून उभी राहायची आणि विचारायची, "काहून जी? काहून जेवले नाही?" सर तिला इंग्रजीत काहीबाही सांगायचे. तिला ते पटायचं नाही. "काहून पन?" ती पुन्हा म्हणायची.

मी रूथला लिहिलं, की हा शब्द ग्रीक नाही. आमच्याकडे 'का' ला काहून म्हणतात. भाजीबाजारात दिवसभर ऐकू येतो. सरांना तो माझ्या आईनं शिकवला, आणि तिचं म्हणणं इतकंच होतं, की तुम्ही जेवला का नाहीत?

तिचं उत्तर लगेच आलं. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही एकमेकांना, जेवला का नाहीस, असं विचारत होतो?"

हो, मी लिहिलं. आणि खरं उत्तर मिळेपर्यंत माय दारातून हलत नसे.